याकोबाच्या घरातील भाऊबंदकी : योसेफ प्रकरणाचा अभ्यास

प्रकरणाची व्याप्ती

बायबलमध्ये मत्सराच्या कथा शोधायला लांब जावे लागत नाही. काइन आणि हाबेल, सारा आणि हागार, हन्ना आणि पनिन्ना, शौल आणि दावीद या जोड्या बहुतेकांना ठाऊक असतात. त्यांतील बऱ्याच कथांत मात्र मत्सराचा शेवट खुनात किंवा घराबाहेर काढण्यात होतो आणि नोंद तेथेच थांबते. याकोबाच्या मुलांची, म्हणजे बापाच्या लाडक्या योसेफाला विकून टाकणाऱ्या भावांची, हकीकत या बाबतीत वेगळी आहे. वैर कुठून आले, गुन्ह्यापर्यंत कसे पोहोचले, पुढे ते किती मिटले आणि किती तसेच राहिले, हे सगळे टप्पे तीत क्रमाने सापडतात. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकातील ५० अध्यायांपैकी उत्तरार्ध जवळजवळ पूर्णपणे याच घराण्याला दिलेला आहे.

प्रकरण अभ्यासात माणसांची नावे बदलण्याचा प्रघात असतो, परंतु येथे ती बदलून काहीच लपणार नाही, म्हणून मूळ नावेच ठेवली आहेत. घटना इतिहासात जशाच्या तशा घडल्या का, या वादात न शिरता मजकूर हीच उपलब्ध नोंद मानली आहे. अभ्यासासाठी निवडलेला प्रश्न एकच आहे. मुलांमध्ये डावेउजवे करणारा बाप मरेपर्यंत बदलला नाही, तरीही भावांमधील वैर पुष्कळसे निवळले. मग या घरात नेमके बदलले काय?

पार्श्वभूमी

याकोब स्वतःच डावेउजवे होणाऱ्या घरात वाढला होता. त्याच्या बापाचा, इसहाकाचा, ओढा थोरल्या एसावाकडे होता आणि आई रिबका धाकट्या याकोबाची बाजू घेत असे. भुकेने कासावीस झालेल्या एसावाकडून याकोबाने मसुरीच्या वरणावर ज्येष्ठत्वाचा हक्क विकत घेतला. पुढे आईच्या सांगण्यावरून भावाचे कपडे अंगावर चढवून, हातांवर व मानेवर करडांची कातडी गुंडाळून, त्याने दृष्टी गेलेल्या बापाकडून थोरल्याचा आशीर्वादही मिळवला. एसाव जिवावर उठल्यामुळे त्याला मामाकडे, म्हणजे लाबानाकडे, पळून जावे लागले.

लाबान हा भाच्याला पुरून उरणारा माणूस निघाला. राहेलीसाठी सात वर्षे राबल्यावर लग्नाच्या रात्री त्याने थोरली लेआ याकोबाच्या पदरात टाकली आणि राहेलीसाठी आणखी सात वर्षे मागून घेतली. धाकट्याने थोरल्याच्या जागी उभे राहून बापाला फसवले होते. आता थोरली धाकटीच्या जागी आणून त्याला फसवले गेले. अशा रीतीने दोन सख्ख्या बहिणी एकमेकींच्या सवती झाल्या. पुढे लेवीय पुस्तकातील नियमांत बायको हयात असताना तिच्या बहिणीला तिची सवत म्हणून आणण्यास मनाई आहे. तो नियम वाचताना हेच घर डोळ्यांसमोर येते.

लेआला मुले होत गेली, पण नवऱ्याचे प्रेम मिळाले नाही. राहेलीला प्रेम मिळाले, पण मूल होईना. लेआने मुलांना दिलेल्या नावांत नवऱ्याची वाट पाहणे भरलेले आहे: आता तरी तो माझ्यावर प्रेम करील, आता तरी तो मला चिकटून राहील. राहेलीने मूल दे, नाहीतर मी मरेन, असे नवऱ्याला सुनावले. दोघींनी आपापल्या दासी, बिल्हा आणि जिल्पा, नवऱ्याला दिल्या. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत लेआच्या थोरल्या, लहानग्या रऊबेनाला रानात काही फळे सापडली. त्यांनी गर्भ राहतो असा समज होता. राहेलीने ती मागितली, तेव्हा लेआने नवरा तर घेतलासच, आता पोराने आणलेली फळेही हवीत का, असे तिला विचारले. शेवटी फळांच्या बदल्यात नवऱ्याची एक रात्र, असा सौदा ठरला. फळे आणणारे ते पोर हे भांडण ऐकतच वाढले असणार.

एक प्रसंग फारसा चर्चेत येत नाही, परंतु या प्रकरणात तो कळीचा आहे. वीस वर्षांनी मायदेशी परतताना एसाव चारशे माणसे घेऊन समोरून येत आहे, हे याकोबाला कळले. त्याने कुटुंबाची रांग लावली. सर्वांत पुढे दासी व त्यांची मुले, त्यांच्यामागे लेआ व तिची मुले, आणि सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत सुरक्षित जागी, राहेल व तिला उशिरा झालेला मुलगा योसेफ. हल्ला झालाच तर कोणी आधी मरायचे, हे त्या रांगेने ठरवले होते. एसावाने धावत येऊन मिठी मारल्यामुळे काही अनर्थ झाला नाही, पण मुलांना आपापली किंमत त्या दिवशी उघड्या रानात कळली. पुढे बापाने योसेफाला दिलेल्या झग्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. माझ्या मते वैराची खरी मुळे या रांगेत आहेत.

समस्या कशी उभी राहिली

बन्यामिनाला जन्म देताना राहेल वाटेतच वारली. त्यानंतर योसेफ बापाचा केवळ लाडका मुलगा राहिला नाही, तर गेलेल्या बायकोची आठवण होऊन बसला. तो म्हातारपणी झालेला होता म्हणून बापाचे त्याच्यावर अधिक प्रेम होते, असे नोंद सांगते. आपल्याकडे शेंडेफळाचे लाड जसे गृहीत धरले जातात, तसेच हे कारण पटकन पटते. परंतु मजकुरातील वर्षांचा हिशेब घातला, तर लेआच्या लग्नापासून योसेफाच्या जन्मापर्यंत जेमतेम सात वर्षांचे अंतर निघते. म्हणजे थोरला रऊबेनही योसेफाहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठा, आणि लेआचे धाकटे मुलगे इस्साखार व जबुलून तर जवळपास बरोबरीचे. बाप सर्वांच्याच जन्माच्या वेळी म्हातारा होता. वयाचे कारण ही घराने स्वतःची घातलेली समजूत दिसते. खरे कारण राहेल होती आणि ते मुलांनाही ठाऊक होते.

योसेफ सतरा वर्षांचा असताना तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. तो बिल्हा व जिल्पा यांच्या मुलांबरोबर मेंढरे राखत असे आणि त्यांच्या तक्रारी बापाच्या कानावर घालत असे. बापाने त्याला पायघोळ झगा करून दिला. पुढे दावीद राजाच्या अविवाहित मुली असाच झगा घालत असल्याचा उल्लेख आहे, तेव्हा हे मेंढपाळाचे रोजचे वस्त्र नव्हते. आणि योसेफाला स्वप्ने पडली. शेतात सर्वांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीला नमन करत आहेत, सूर्य, चंद्र आणि अकरा तारे त्याच्या पाया पडत आहेत, अशी ती स्वप्ने त्याने भावांना सांगितली. पहिल्या स्वप्नावर भाऊ कसे भडकले हे पाहूनही त्याने दुसरे सांगितले. कुराणातील याच कथेत बाप मुलाला हे स्वप्न भावांना सांगू नकोस, असे बजावतो. उत्पत्तीत बाप त्याला सर्वांदेखत रागावतो आणि मनात मात्र ती गोष्ट जपून ठेवतो. वरून दटावणे आणि आतून सुखावणे, हा दुटप्पीपणा दहा जणांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

भावांना त्याच्याशी धड बोलणेही जमेना, असे नोंद सांगते. या प्रकरणात हे लक्षण मत्सरापेक्षाही महत्त्वाचे आहे. इतर घटनाही घडून गेल्या होत्या. शखेम गावात लेआची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार झाल्यावर तिचे भाऊ शिमोन व लेवी यांनी अख्ख्या गावातील पुरुष कापून काढले, तेव्हा बापाने मुलीबद्दल चकार शब्द न काढता आपली पत गेली म्हणून त्यांना बोल लावला. रऊबेन बापाची उपपत्नी बिल्हा हिच्यापाशी गेला. बापाने ते ऐकले, एवढेच वाक्य येते आणि विषय संपतो. बाप ऐकतो, मनात ठेवतो आणि बोलत नाही, ही या घराची रीतच होती.

दोथान येथे समोर असलेले पर्याय

भाऊ शखेमाकडे कळप चारायला गेले असताना याकोबाने हेब्रोनहून योसेफाला त्यांची खुशाली आणायला पाठवले. अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर, मुलगा एकटा, ठिकाण ज्या गावाशी रक्तरंजित वैर झालेले तेच, आणि ज्यांच्याकडे पाठवायचे ते त्याचे तोंडही न पाहणारे. याकोबाला परिस्थितीची कल्पना नव्हती, असे मानणे कठीण आहे. त्याने ती पाहायची टाळली, असे मानणे अधिक सरळ आहे. योसेफ रानात वाट चुकला, कोणा वाटसरूने भाऊ दोथानला गेल्याचे सांगितले, आणि तो आणखी वीसेक किलोमीटर पुढे गेला. अंगावर तोच झगा होता.

भावांनी त्याला लांबूनच ओळखले आणि तो जवळ येईपर्यंत त्यांचा बेत ठरलाही. तेथे चार पर्याय पुढे आले. पहिला, त्याला मारून विहिरीत टाकायचे आणि हिंस्र श्वापदाचे नाव सांगायचे. दुसरा रऊबेनाचा होता: रक्त सांडू नका, नुसते विहिरीत टाका. त्याच्या मनात मागाहून त्याला बाहेर काढून बापाकडे पोहोचवायचे होते. तिसरा लेआचाच मुलगा यहूदा याने सुचवला. गिलादाकडून डिंक, औषधी मलम व गंधरस घेऊन मिसराकडे, म्हणजे इजिप्तकडे, जाणारा इश्माएली व्यापाऱ्यांचा तांडा दिसला, तेव्हा भावाला मारून आपल्याला काय मिळणार, त्यापेक्षा विकू, असे तो म्हणाला. चौथा पर्याय, म्हणजे त्याला भेटून, हवे तर दोन शब्द सुनावून घरी परत पाठवणे, हा कोणीही तोंडातून काढला नाही.

रऊबेनाचा निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. तो थोरला होता, त्याच्या शब्दाला वजन होते आणि भावांनी त्याचे ऐकलेही. त्याने त्या वजनाचा उपयोग उघड विरोधासाठी मात्र केला नाही. मनातील बेत मनातच ठेवून त्याने अर्धा मार्ग सुचवला आणि नंतर तो कुठेतरी निघून गेला. तो परत आला तेव्हा विहीर रिकामी होती. बिल्हेच्या प्रकरणानंतर बापाच्या मनातून उतरलेल्या रऊबेनाला योसेफ सुखरूप नेऊन आपली जागा परत मिळवायची होती, अशीही शक्यता दिसते. हेतू कोणताही असो, गुपचूप केलेला चांगुलपणा गटाच्या उघड निर्णयापुढे टिकला नाही.

योसेफाचा झगा ओरबाडून त्याला कोरड्या विहिरीत टाकल्यावर भाऊ जेवायला बसले. तेव्हा तो गयावया करत होता, हे त्या अध्यायात कुठेच नाही. ते पाच अध्यायांनंतर भावांच्याच तोंडून बाहेर पडते: त्याचा जीव किती कळवळत होता ते आपण पाहिले, तरी ऐकले नाही. लिहिणाऱ्याने ही माहिती मागे ठेवली, याला मी या कथेतील सर्वांत मोठे कसब मानतो. वाचकालाही त्या दिवशी तो आवाज ऐकू येत नाही.

किंमत ठरली चांदीचे वीस शेकेल. लेवीय पुस्तकात पाच ते वीस वर्षे वयाच्या पुरुषाचे नवसासाठी ठरवलेले मोल एवढेच आहे.

गुन्हा झाकण्याची कृती

भावांनी बकरा मारून झगा त्याच्या रक्तात बुडवला, तो बापाकडे पाठवला आणि हा तुमच्या मुलाचा आहे की काय ते ओळखा, असा निरोप दिला. योसेफ मेला, असे त्यांना बोलावे लागले नाही. निष्कर्ष बापानेच काढला. करडांची कातडी आणि भावाचे कपडे यांच्या आधाराने ज्याने बापाला फसवले होते, त्याला बकऱ्याचे रक्त आणि भावाचे कपडे यांनीच फसवले गेले. सगळी मुले सांत्वनाला बसली आणि बापाने सांत्वन घ्यायचे नाकारले. भावांचा हिशेब येथे पूर्ण चुकला. योसेफ गेल्यावर बापाचे प्रेम उरलेल्यांत वाटले जाईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते प्रेम तसेच्या तसे बन्यामिनाकडे गेले आणि दहा जणांना काहीच मिळाले नाही.

याच ठिकाणी नोंद मुख्य कथा सोडून यहूदाच्या घरात शिरते. त्याचे दोन मुलगे मेले. तिसराही जाईल या भीतीने त्याने विधवा सून तामार हिला त्याच्याशी लग्न लावून देण्याचा दिलेला शब्द पाळला नाही. शेवटी तामारेने ओळख लपवून त्याच्यापासूनच गर्भ धारण केला आणि त्या वेळी तारण म्हणून घेतलेली त्याचीच मुद्रा, गोफ व काठी पुढे करून, या कोणाच्या ते ओळखा, असा निरोप त्याला धाडला. यहूदाने त्या ओळखल्या आणि ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे, असे चारचौघांत कबूल केले. चूक उघडपणे मान्य करणारा हा या घरातील पहिला माणूस. शेवटचा मुलगा हातून जाईल ही भीती बापाला काय करायला लावते, हेही त्याला स्वानुभवाने कळले. पुढील निर्णय याच माणसाने का घेतला, याचे उत्तर या मधल्या अध्यायात आहे.

मिसरातील परीक्षा

गुलामी आणि तुरुंगवास भोगून योसेफ वयाच्या तिसाव्या वर्षी फारोचा, म्हणजे मिसरच्या राजाचा, कारभारी झाला. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा साठवला. दुष्काळाच्या काळात दहा भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे येऊन वाकले, तेव्हा विकल्याला वीस वर्षे उलटून गेली होती. त्यांनी त्याला ओळखले नाही; त्याने त्यांना ओळखले.

त्याच्यापुढे तीन मार्ग होते. ओळख देऊन मोकळे होणे, सूड घेणे, किंवा धान्य देऊन गप्प राहणे. त्याने चौथाच मार्ग घेतला. त्यांना हेर ठरवून तीन दिवस कोंडले, शिमोनाला ओलीस ठेवले आणि धाकट्या भावाला घेऊन या, अशी अट घातली. हा सूड होता की परीक्षा, यावर वाद आहे. तेराव्या शतकातील यहुदी भाष्यकार नाखमानिदेस याने तर हेब्रोन जेमतेम सहा दिवसांच्या वाटेवर असताना योसेफाने इतक्या वर्षांत बापाला चिठ्ठी का धाडली नाही, असा रोकडा प्रश्न विचारला आहे. थोरल्या मुलाचे नाव मनश्शे ठेवताना, देवाने मला बापाच्या घराचा विसर पाडला, असे योसेफ म्हणाला होता. विसर हाच त्याचा त्या वेळचा उपाय होता, असे दिसते. बापानेच आपल्याला भावांकडे धाडले, ही गोष्टही त्याच्या मनात सलत असू शकेल.

घरी परतल्यावर बन्यामिनाला पाठवण्यास याकोबाने साफ नकार दिला. त्याचा भाऊ मेला आणि हा एकटाच उरला आहे, असे तो म्हणाला, आणि हे ऐकायला समोर नऊ मुलगे उभे होते. रऊबेनाने उपाय सुचवला: बन्यामिनाला परत आणले नाही, तर माझे दोन मुलगे मारून टाका. आजोबाला नातवांचे मुडदे तारण म्हणून देऊ करणारा हा प्रस्ताव याकोबाने मान्य केला नाही. धान्य संपल्यावर यहूदा पुढे झाला आणि मी स्वतः त्याला जामीन राहतो, माझ्याकडून त्याचा हिशेब घ्या, असे म्हणाला. दोन्ही भाऊ हमीच देत होते, परंतु रऊबेनाने दुसऱ्याचा जीव गहाण टाकला, तर यहूदाने स्वतःचा. बापाने होकार दिला आणि कारभाऱ्यासाठी भेट म्हणून मलम, मध, डिंक, गंधरस, पिस्ते व बदाम बांधून दिले. योसेफाला मिसरात नेणाऱ्या तांड्याच्या उंटांवर यांतील निम्मा माल होता.

निर्णायक क्षण

मेजवानीत योसेफाने भावांना वयाच्या क्रमाने बसवले आणि बन्यामिनाच्या पानात इतरांच्या पाचपट वाढले. भावांच्या डोळ्यांत ते खुपते का, हे त्याला पाहायचे असावे. ते पोटभर जेवले, प्यायले, आणि कोणाच्या कपाळावर आठी आल्याची नोंद नाही. मग बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा पेला लपवून त्यांना वाटेत अडवले गेले. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाची गोणी उघडत झडती झाली आणि पेला अखेरच्या गोणीत निघाला.

सर्व भाऊ परत आले. आम्ही सगळेच तुमचे गुलाम होतो, असे यहूदा म्हणाला. योसेफाने ते नाकारले: ज्याच्याकडे पेला सापडला तोच राहील, बाकीच्यांनी सुखाने बापाकडे जावे. परीक्षेचे टोक या वाक्यात आहे. दोथानला भावांनी जे पैसे घेऊन केले, तेच आता कायद्याने, कोणताही दोष न लागता, गोण्या धान्याने भरून घेऊन करता येत होते. राहेलीचा दुसरा मुलगा आपोआप दूर होत होता आणि बापाला सांगायला खरे कारणही हाताशी होते.

यहूदा पुढे सरकला आणि बोलला. उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्वांत लांब भाषणांपैकी हे एक आहे. बन्यामिन निर्दोष आहे, असा दावा त्याने केला नाही. त्याने बापाची अवस्था सांगितली आणि बापाचे शब्द जसेच्या तसे पुढे ठेवले: माझ्या बायकोने मला दोन मुलगे दिले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे वाक्य लेआचा मुलगा उच्चारत आहे. बापाच्या लेखी बायको म्हणजे राहेल आणि मुलगे म्हणजे तिचे दोघे, हे त्याने परक्या कारभाऱ्यासमोर, तक्रारीचा सूर न लावता सांगितले. बापाचा जीव या मुलाच्या जिवाशी बांधलेला आहे, म्हणून मुलाला जाऊ द्या आणि त्याच्या जागी मला गुलाम करून ठेवा, अशी विनंती त्याने केली.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथे आहे. अन्याय दूर झाला नाही. अन्याय सोसणाऱ्यांपैकी एकाने तो आहे तसा पाहिला, शब्दांत मांडला आणि त्याची शिक्षा लाडक्या भावाला द्यायची नाही, असे ठरवले. भाऊ आणि बाप यांतील खरा अपराधी कोण, हे वेगळे काढता आल्यामुळे मत्सराचा रोख बदलला. यहूदाने बापाचा पक्षपात योग्य ठरवला, असा याचा अर्थ घेऊ नये. तो त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही.

परिणाम

योसेफाला पुढे आवरेना. तेथील सगळ्यांना बाहेर काढून तो मोठ्याने रडला, आपली ओळख सांगितली आणि बाप खरेच जिवंत आहे का, असे विचारले. भावांना वाचाच फुटली नाही. त्याने त्यांना कवटाळल्यावर ते त्याच्याशी बोलू लागले, अशी स्वतंत्र नोंद आहे. आधी मिसरातील बोलणीही दुभाषामार्फत झाली होती. दुष्काळाची दोन वर्षे झाली होती आणि पाच उरली होती. याकोबाच्या घरातील सत्तर माणसे मिसरात आली आणि त्यांना गोशेन प्रांत राहायला मिळाला. योसेफ तेव्हा हिशेबाने एकोणचाळीस वर्षांचा होता.

तरीही जुन्या सवयी सुटल्या नाहीत. निरोप देताना योसेफाने प्रत्येक भावाला एकेक पोशाख दिला आणि बन्यामिनाला पाच पोशाख व चांदीची तीनशे नाणी. मेजवानीतील पाचपट वाढण्याला परीक्षेचे निमित्त होते. या वेळी तसे काही नव्हते. वाटेत भांडू नका, असेही त्याने बजावले, त्यावरून त्याला धोका कळत होता हे उघड आहे. याकोबाने मरणापूर्वी योसेफाच्या मुलांना आशीर्वाद देताना हात आडवे टाकून उजवा हात धाकट्या एफ्राईमावर ठेवला. योसेफाला ते खटकले आणि त्याने हात हलवायचा प्रयत्न केला, पण म्हाताऱ्याने ऐकले नाही. योसेफाला भावांपेक्षा एक वाटा जास्तही दिला. पुढे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात नावडतीच्या पोटी झालेल्या ज्येष्ठ मुलाचा दुहेरी वाटा आवडतीच्या मुलाला देऊ नये, असा स्पष्ट नियम आला. याकोबाने केले ते या नियमाच्या नेमके उलट.

घराण्याच्या पातळीवर तर ही भाऊबंदकी संपलीच नाही. या भावांच्या वंशजांचे राज्य शलमोन राजानंतर फुटले, तेव्हा दहा वंश एफ्राईमाच्या वंशातील यराबामाच्या मागे गेले आणि यहूदाचा वंश शलमोनाचा मुलगा रहबाम याच्याकडे राहिला. ती फूट पडली शखेमात, जिथे योसेफ भावांचा शोध घेत आला होता आणि जिथे त्याच्या अस्थी पुरल्या गेल्या.

वेगळे काय करता आले असते

दोष भावांवर टाकणे सोपे आहे, पण यहुदी परंपरेने बोट बापाकडे वळवले. तालमुद या यहुदी धर्मग्रंथात रव नावाच्या विद्वानाच्या नावावर एक वचन आहे: कोणीही आपल्या मुलांत एकाला वेगळे काढू नये, कारण दोन सेला (एक जुने वजन) भरणाऱ्या रेशमापायी भावांचा मत्सर जागा झाला आणि आपले पूर्वज मिसरात जाऊन पडले. हे बरोबर आहे, तरी पुरेसे नाही. प्रेम सारखे वाटणे याकोबाच्या हातात कदाचित नव्हते. झगा न शिवणे, चहाड्या ऐकून न घेणे आणि मुलाला एकट्याने शखेमाच्या वाटेला न लावणे हे नक्कीच हातात होते. त्यातही चहाडीचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण कान भरणारा मुलगा आणि ते भरून घेणारा बाप यांच्यामधून इतरांना वाट उरत नाही.

रऊबेनाने आपला बेत निदान एका भावाला सांगायला हवा होता. दहा जणांत एखादा सोबती मिळाला असता, तर विहिरीपाशी पहारा राहिला असता. स्वतः यहूदानेही विक्रीचा मार्ग मारण्याहून बरा म्हणून काढला; त्याने जीव वाचला हे खरे, पण रऊबेनाची सुटकेची योजनाही त्यानेच मोडली.

योसेफाच्या परीक्षेबद्दल मात्र माझे मत पूर्णपणे अनुकूल नाही. तिच्यातून यहूदाचा बदल दिसला, परंतु त्यासाठी निरपराध बन्यामिनाच्या गोणीत पेला ठेवला गेला आणि म्हाताऱ्या बापाला दुसऱ्यांदा तीच धास्ती सोसावी लागली. भाऊ पहिल्याच फेरीत, दुभाष्याला बाजूला ठेवून, आपापसांत अपराध कबूल करत होते. ते शब्द योसेफाने ऐकले आणि तो बाजूला जाऊन रडला. ओळख देण्यासाठी तो क्षण पुरेसा होता का? बन्यामिनाशी ते कसे वागतात हे त्यातून कळले नसते, हे मान्य करावे लागते.

सर्वांत मोठी संधी गोशेनमध्ये गेली. याकोब मिसरात सतरा वर्षे जगला, आणि या काळात झग्यावरील रक्त कोणाचे होते हे त्याला कोणी सांगितले, अशी नोंद नाही. बापामुळे सर्व शांत होते, म्हणून विषय काढायचा नाही, असे ठरल्यासारखे दिसते. त्याचे फळ बाप वारल्यावर लगेच मिळाले. योसेफ आता सूड घेईल या भीतीने भावांनी त्याला निरोप धाडला की, भावांना क्षमा कर, असे बापाने मरण्यापूर्वी सांगितले होते. बापाने असे म्हटल्याचा उल्लेख आधी कुठेच नाही. बहुधा हा शब्द त्यांनीच रचला. निरोप ऐकून योसेफ रडला. त्यानंतर ते स्वतः येऊन त्याच्या पाया पडले. तुम्ही वाईट योजले होते हे त्याने नाकारले नाही, मी देवाच्या जागी आहे काय, असे विचारले, आणि तुमचे व तुमच्या मुलाबाळांचे पोषण मी करीन, असा शब्द दिला. क्षमा केली, एवढेच म्हणून तो थांबला असता तर त्या घाबरलेल्या माणसांचा विश्वास बसला असता का, याची शंका येते. दुष्काळ पाहिलेल्या घराला मुलांच्या अन्नाची हमी अधिक समजली असावी.